केराटिनचा कागद

नांदेडला आमच्या घराच्या पुढच्या खोलीत माझं ब्यूटी पार्लर आहे. खोली लहान. दोन खुर्च्या, एक बेसिन आणि एसी. एसी बसवला तेव्हा मिस्त्रीने खिडकी विटांनी बुजवून टाकली. गार हवा बाहेर जाते म्हणाला. मलाही ते पटलं.

माझ्या मदतीला एक बाई आहे. माहेर मुखेडकडचं, शेतकऱ्याच्या घरातली, लग्न होऊन नांदेडला आलेली. गिऱ्हाइकं तिला मुखेडचीच म्हणतात आणि तीही त्याच नावाला ओ देते. तिचा हात इतका हलका की भुवया कोरून घेताना बायका घोरायला लागतात.

मागच्या लग्नसराईच्या तोंडावर लातूरचा एक डिस्ट्रिब्यूटर आमच्याकडे आला. सोबत सोनेरी अक्षरांचे काळे डबे. केस सरळ करायचं केराटिन. कुरळे केस असलेल्या नवऱ्या मुलींची आमच्याकडे कमतरता नाही, म्हणून मी ऐकून घेतलं.

"ब्राझीलचा माल हाय, मॅडम," तो म्हणाला.

"ब्राझील कुठं आलं?" मुखेडचीने विचारलं.

"लई लांब."

एवढ्यावर तिचं समाधान झालं. माझंही झालं, असंच म्हणायला पाहिजे.

ते लावायचं असं: आधी ब्रशने केसांना लेप द्यायचा, मग ड्रायरने वाळवायचं आणि शेवटी कडक तापलेल्या इस्त्रीतून एकेक बट ओढून काढायची. इस्त्री फिरली की पांढरा धूर निघायचा. गिऱ्हाइकाचे डोळे वाहायचे, नाक वाहायचं, घसा धरायचा. पहिल्या दिवशी मी घाबरून डिस्ट्रिब्यूटरला फोन केला, तर तो खूश झाला.

"पाणी आलं ना डोळ्याला? म्हणजे माल ओरिजनल."

ही गोष्ट गावभर पसरली. ज्या पार्लरमध्ये रडू येतं ते खरं केराटिन, असा हिशेब बसला. बँकेत काम करणाऱ्या एका ताईंच्या डोळ्यांतून काही पाणी निघालं नाही, तर मी त्यांना डुप्लिकेट माल लावला म्हणून त्या रुसून गेल्या. एका नवरीची आई तर मला म्हणाली, "बरं झालं बाई, हिला पाठवणीत रडू येतंय की न्हाई याची मला फिकीर होती. आता सवय झाली."

गिऱ्हाईक एकदाच रडून घरी जायचं. आम्ही दोघी मात्र दिवसभर त्याच धुरात. मी नाकाला ओढणी बांधायची, मुखेडची ओला रुमाल. तरी डोळे झोंबायचेच. शेवटी मी आमच्या पोराचे पोहायचे गॉगल घातले. निळे, बाजूला मासा काढलेले. गिऱ्हाइकांना वाटलं, हीही ब्राझीलची पद्धत असेल. दोघींनी तर "आम्हाला पण द्या" म्हणून हट्ट धरला.

मुखेडचीला खोकला लागला. घरच्यांनी एसीवर ठपका ठेवला. ती आलं-मध चाटून कामाला यायची आणि दुपारपर्यंत बेजार व्हायची.

अशात एक दिवस एक बाई आपल्या भाचीला घेऊन आल्या. बाई जीवशास्त्र शिकवून निवृत्त झालेल्या. भाचीचं लग्न दोन दिवसांवर. मी अर्ध्या डोक्यावर इस्त्री फिरवली असेल, एवढ्यात बाईंनी हातातलं मासिक खाली ठेवलं आणि हवा हुंगायला लागल्या.

"हा वास माझ्या ओळखीचा आहे," त्या म्हणाल्या. थोडा वेळ डोळे मिटून बसल्या. मग म्हणाल्या, "बेडूक."

मुखेडचीने पटकन पाय वर घेतले. मी खुर्चीखाली वाकून पाहिलं.

"तसा बेडूक नाही हो. बरणीतला. आमच्या प्रयोगशाळेत बेडूक, साप, मासे सगळे फॉर्मालिनमध्ये ठेवलेले असायचे. कुजू नयेत म्हणून. फॉर्मालिन म्हणजे पाण्यात विरघळलेलं फॉर्मल्डिहाइड. हा तोच वास आहे. तू उठ गं, बाहेर ये."

"आत्या, अर्धंच झालंय," भाची रडवेली झाली. धुराने आधीच रडत होती, त्यामुळे फारसा फरक दिसला नाही.

"अर्ध्याचा अंबाडा घालता येतो. फुफ्फुसाचा नाही."

मी डबा पुढे केला. त्यावर ठळक अक्षरांत लिहिलं होतं, फॉर्मल्डिहाइड नाही. बाईंनी चष्मा वर करून डबा फिरवून पाहिला.

"नाव नसेल. दुसऱ्या नावाने असेल. अहो, कामाच्या जागी असलं रसायन वापरायचं तर त्याचा सुरक्षिततेचा कागद असतो. सेफ्टी डेटा शीट म्हणतात त्याला. आत काय आहे, काय अपाय होतो, काय काळजी घ्यायची, सगळं त्यात असतं. कंपनीकडून मागवा आणि तोवर हे बंद ठेवा."

भाची अर्धी सरळ आणि अर्धी कुरळी अशी रिक्षात बसून गेली. मी केराटिनच्या पुढच्या सगळ्या तारखा रद्द केल्या आणि कागद शोधायला लागले.

आधी डबाच वाचायचा ठरवला. घटकांची यादी होती, पण नेमकी तिच्यावर किमतीची चिकटपट्टी लावलेली. मुखेडचीने फेशियलचा स्टीमर आणला. डब्याला छान वाफ दिली. पट्टी निघाली आणि तिच्यासोबत अर्धी यादीही निघून आली. उरलेल्या अर्ध्यात मिथिलीन ग्लायकॉल असं काहीतरी होतं. मी बाईंना फोनवर वाचून दाखवलं.

"तेच ते," त्या म्हणाल्या. "फॉर्मल्डिहाइड पाण्यात गेलं की त्याला हे नाव. तापवलं की परत वायू होऊन बाहेर. कागद मागा."

मी डिस्ट्रिब्यूटरला मेसेज केला: सेफ्टी शीट पाठवा. त्याने लगेच पाठवली, ती दिवाळी ऑफर. मी लिहिलं, ही नको, सुरक्षिततेची. त्यावर केस उडवत चालणाऱ्या बाईचा व्हिडिओ आला. मी पुन्हा लिहिलं. मग कुठल्याशा मेळाव्यात त्याला शाल मिळाली होती, तो फोटो आला. दुसऱ्या दिवशी सकाळी सूर्यफुलाचं चित्र आलं, सुप्रभात. शेवटी मी फोनच लावला.

"मॅडम, सेफ्टीची खामखा काळजी करून राहिलात. डबा फुटला तर बदलून देतो ना."

"डब्याची नाही हो. आमची सेफ्टी."

"तुम्हाला काय झालं?"

मुखेडची तेव्हा मागे खोकत होती. मी फोन तिच्याकडे धरला. तिने चांगलं मन लावून खोकून दाखवलं. मग तो म्हणाला की नेटवर्क जाऊन राहिलंय.

"ताई, लातूरला जाऊ," मुखेडची म्हणाली. "समोर बसलं की नेटवर्क येतंय."

आम्ही एसटीने गेलो. लोहा, अहमदपूर, चाकूर करत दुपारी लातूरला उतरलो. गंजगोलाईच्या मागच्या एका गल्लीत त्याचा गाळा होता. गाळ्याच्या अर्ध्या भागात शाम्पू, क्रीम, केराटिन. उरलेल्या अर्ध्यात त्याच्या थोरल्या भावाचं कृषी सेवा केंद्र. एका बाजूला गोऱ्या बायकांची चित्रं, दुसऱ्या बाजूला सोयाबीनवरच्या अळीची. मध्ये एकच टेबल आणि एकच पंखा.

आम्हाला पाहून डिस्ट्रिब्यूटरने चहा सांगितला. मी म्हटलं, चहा घेऊ, पण कागदही घेऊ. तो म्हणाला, असा कागद कंपनी देतच नाही. हे थोरल्याने ऐकलं. पांढरा शर्ट, कपाळाला अष्टगंध, कानावर पेन.

"कशाचा कागद, ताई?"

मी सांगितलं. त्याने मागच्या फळीवरून फवारणीच्या औषधाची एक बाटली काढली. तिच्या गळ्याला घडी घातलेला कागद बांधला होता. त्याने तो सोडला आणि उलगडायला लागला. उलगडतच राहिला. टेबल संपलं, कागद संपेना. मराठी, हिंदी, तेलुगू. हातात काय घालायचं, वाऱ्याकडे तोंड करून फवारायचं नाही, डोळ्यात गेलं तर काय करायचं, डॉक्टरने काय द्यायचं.

"ह्यो तिकोन बगा," मुखेडची बाटलीवर बोट ठेवून म्हणाली. "लाल असला की आमचा बाप डबा शिवू देत न्हाई."

थोरला तिच्याकडे बघून मान डोलवत 'हाव' म्हणाला आणि धाकट्याकडे वळला. "अळीच्या औषधाला एवढा कागद हाय. बायांच्या औषधाला न्हाई?"

"दादा, ते औषध न्हाई. कॉस्मेटिक हाय."

"त्याचा धूर ही बाई छातीत घेती का न्हाई?"

"घेती."

"मग काढ कागद."

डब्यावर पत्ता नव्हता, पण डबे ज्या मोठ्या खोक्यातून आले होते त्यावर माल आणणाऱ्या कंपनीचा फोन छापलेला होता. थोरल्याने खोकं आडवं पाडून तो शोधला आणि स्वतःच नंबर फिरवून फोन धाकट्याच्या हातात दिला. पलीकडून एक मुलगी हिंदीत बोलत होती. धाकटा ऐकता ऐकता हळूहळू लाल होत गेला. फोन ठेवून म्हणाला, "ती म्हणती, पहिल्या ऑर्डरसोबतच मेल केला होता."

मग सगळे मिळून त्याच्या मेलमध्ये शोधायला लागलो. जाहिराती, रिचार्ज, विम्याचे हप्ते यांच्या ढिगाखाली तो खरंच होता. न उघडलेला. थोरला म्हणाला, "वाचायचं न्हाई तर मेल कामून घेतला?" यावर धाकट्याने आम्हाला बिस्किटं दिली.

नांदेडला परत आल्यावर तो कागद छापून घेऊन मी बाईंच्या घरी गेले. मुखेडचीही होती. ओसरीवर बसून बाईंनी एकेक भाग मराठी करून सांगायला सुरुवात केली. कागद सोळा भागांचा होता आणि सगळा इंग्रजीत.

दुसऱ्या भागात अपाय लिहिलेले. डोळ्यांना गंभीर इजा. कातडीला ॲलर्जी. श्वासातून गेल्यास घातक. पुढच्या ओळीवर बाई थांबल्या आणि हळू आवाजात म्हणाल्या, "कर्करोग होऊ शकतो."

समोरच्या रस्त्यावरून भाजीवाला ओरडत गेला.

"म्हंजे मला खोकला एसीचा न्हाई," मुखेडची म्हणाली.

"नाही," बाई म्हणाल्या. "उद्याच दवाखान्यात जा, आणि हा कागद सोबत ने."

पुढच्या भागांत काळजी होती. हवा बाहेर खेचणारा पंखा हवा, या वायूसाठीचा खास मास्क हवा, बंद खोलीत वापरायचं नाही, उरलेलं गटारात ओतायचं नाही. डोळ्यांच्या संरक्षणाचं वाचताना मी बाईंना माशाच्या गॉगलबद्दल विचारलं. त्यांनी कागद पुन्हा पाहिला आणि गंभीरपणे म्हणाल्या, "माशाचा उल्लेख नाही."

दुसऱ्या दिवशी मी मुखेडचीला घेऊन दवाखान्यात गेले. डॉक्टरांनी कागद पूर्ण वाचला. पेशंट आजाराचं कारण छापून आणतो हे त्यांना फार आवडलं. छाती तपासली, औषध दिलं आणि या धुरापासून लांब राहायला सांगितलं. हळूहळू तिचा खोकला उतरला, पण पुरता जायला उन्हाळा लागला.

केराटिन मी बंद केलं. न उघडलेले डबे डिस्ट्रिब्यूटर परत घेऊन गेला, उघडलेला डबाही झाकण घट्ट लावून कंपनीकडे धाडायला दिला. मिस्त्रीला बोलावून खिडकी फोडली आणि एक्झॉस्ट पंखा बसवला.

मग कागद मराठीत लिहून आरशाशेजारी लावायचं ठरलं. बाईंनी सुवाच्य अक्षरात पहिली ओळ लिहिली: पुरेसे वायुवीजन असावे.

"वायुवीजन म्हंजे काय ओ?" मुखेडचीने विचारलं.

"हवा आत येण्याची आणि बाहेर जाण्याची सोय."

"मग तसंच लिवा की."

बाईंनी थोडा विचार केला आणि ओळ खोडली. पुढचा सगळा कागद त्यांनी मुखेडचीला विचारत विचारत लिहिला. इतका वेळ लागला की दोनदा चहा झाला.

गिऱ्हाईक कमी झालं. बायका येत, कागद वाचत, हळहळत आणि चौकातल्या दुसऱ्या पार्लरमध्ये जाऊन केस सरळ करून येत. काहींना मात्र कागद वाचायचा नाद लागला. एकीने ब्लीचचा कागद मागितला, दुसरीने नेलपॉलिश काढायच्या द्रवाचा. मी लातूरला फोन करायची. डिस्ट्रिब्यूटर कुरकुरला की मागून थोरल्याचा आवाज यायचा, "दे की."

एका दुपारी त्या चौकातल्या पार्लरची मालकीण स्वतः आली. आम्ही एकमेकींना फक्त रस्त्यात पाहिलेलं. तोंडाला स्कार्फ, डोळे लाल. इकडचं तिकडचं बोलली, माझ्या खुर्च्यांचं कौतुक केलं, भाडं किती वाढलंय ते सांगितलं. मग आरशाजवळ उभी राहून कागद वाचायला लागली. वाचता वाचता खोकली.

"याची एक झेरॉक्स मिळेल का?" तिने विचारलं.

"मिळंल की," मुखेडची म्हणाली. "पण आधी बसा. च्या घ्या. तुमच्या दुकानाला खिडकी हाय का?"

तिने मान हलवली. नव्हती. मी मिस्त्रीचा नंबर तिला लिहून दिला.