उधाणाच्या दिवसांतली बाग

सत्यभामा तांडेल कुणाला तोंडावर 'नाही' म्हणाली, असं सारसोळ्यात कुणाला आठवत नाही. मासळी विकणाऱ्या बाईला ते परवडतही नाही म्हणा. "मावशी, ताजी आहेत ना?" हो. "उद्या निवटे आणाल?" हो, आणते की. मग उद्या खाडी निवटे देवो न देवो. जुईनगरच्या बाजारात तिनं उभी हयात या एका होकारावर काढली. साताऱ्याकडून आलेल्या ज्या बाया पाटीतली मासळी वळवळताना बघून दोन पावलं मागं सरायच्या, त्यांनाही तिनं हो-हो करत निवट्यांचं कालवण रांधायला लावलं. पण सत्तरीला टेकल्यावर याच होकारानं तिला अशी काही अडकवली, की विचारू नका.

झालं ते असं. ती ओटीवर सुकट निवडत बसली होती, तेव्हा मुलगा कुंदन आला. "आये, शनवारी सरकारी ऑफिसातली मॅडम जागा बघाला येनार हाय. बागंची जागा. तुना सांगावाचा हाय, का यो आमचा खला व्हता, आमाला परत पायजे. खला बघितलेली तूच एकटी ऱ्हायलीस."

"हां, सांगेन ना," ती म्हणाली.

संध्याकाळी समोरच्या सेक्टरातली नंदिनी आली. नंदिनीचे वडील मार्केटात माथाडी होते, आता ती स्वतः द्रोणागिरीच्या एका गोदामाच्या ऑफिसात मोठ्या जागेवर आहे. "मावशी, शनिवारी याल ना? बाग परत सुरू करा म्हणून तुम्हीच बोलायचं. आमची पोरं पार्किंगमध्ये खेळतात हो, गाड्यांच्या मधे. गावातल्या जुन्या बाईनं सांगितलं की वजन पडतं."

"येन बाय, सांगेन ना."

नंदिनी गेली, सत्यभामेनं भाताला आधण ठेवलं, आणि मग कुठं तिच्या लक्षात आलं की एकाच जागेसाठी तिनं दोघांना दोन शब्द दिलेत. भात करपला. घरात कुणी काही बोललं नाही, कारण तिचा भात याआधी कधी करपलाच नव्हता आणि अशा वेळी काय बोलायचं ते कुणाला ठाऊक नव्हतं.

तर ही जागा. सेक्टर उभे राहण्याआधी तिथं गावाचं खळं होतं. सारवून गुळगुळीत केलेली मोकळी जमीन, तिच्यावर जवळा आणि बोंबील वाळत पडायचे. सत्यभामा नवी नवरी होऊन आली ती दुसऱ्याच दिवशी सासूबरोबर खळ्यावर गेली. सासू कडक होती, पण खळ्यावर तिचा चेहरा सैल पडायचा. जवळा खालीवर करता करता ती गाणीसुद्धा म्हणायची. मग नव्या शहरासाठी जमिनी गेल्या. पैसे आले आणि तेही गेले. खळ्यावर भराव पडला, सासूनं अंथरूण धरलं, आणि त्याच वर्षी ती वारली. तिचं वय झालं होतं, छातीचं दुखणं जुनं होतं. पण सत्यभामेच्या नवऱ्याला, हिरामणला, कोण समजावणार? त्याच्या लेखी आई गेली ती भरावाखाली.

वर्ष-दोन वर्षांत त्या भरावावर लहान मुलांची बाग झाली. झोपाळे, घसरगुंडी, सीसॉ आणि मधोमध सिमेंटची एक होडी. उद्घाटनाच्या दिवशी पेढे वाटले. हिरामणनं हातातला पेढा कुत्र्याला घातला आणि घरी येऊन सगळ्यांसमोर सांगितलं, "या घरातल्या कुनी त्या बागंत पाय ठेवला, तं त्याला माज्या आयेची आन हाय." कुंदन तेव्हा सहा-सात वर्षांचा. बापाचा शब्द म्हणजे त्याला देवाचा शब्द. सत्यभामेनंही मान डोलावली. हो म्हणायला तिचं काय जातंय!

आणि ती शब्द मोडणारही नव्हती. पण एकदा बाजारातून रिकामी पाटी घेऊन कुंपणावरून येताना आतून हाक आली, "ए मावशी, झोका दे ना." पाहते तर चार-पाच वर्षांची एक पोरगी झोपाळ्यावर बसून पाय हलवतेय आणि झोपाळा काही हलत नाहीये. ती ही नंदिनी. आता लहान पोरीला नाही कसं म्हणायचं? सत्यभामेनं पाटी फाटकापाशी ठेवली, मनातल्या मनात सासूची माफी मागितली आणि आत गेली. पोरीला झोका दिला. मग शेजारचा झोपाळा रिकामा होता म्हणून त्यावर टेकली. मग जमिनीला पाय लावून जरा मागं रेलली.

तिला ती बाग आवडली. फार आवडली. तिशी-पस्तिशीची, काष्टा नेसलेली कोळीण, अंगाला मासळीचा वास, आणि झोपाळ्यावर बसून आभाळात पाय फेकतेय! लहानपणी तिला असं काही मिळालंच नव्हतं. हातात पाटी आली तेव्हा तिचे दुधाचे दातही पडायचे होते. सिमेंटच्या होडीला ती पोटभर हसायची. "असल्या बुडाची होरी पान्यात सोरली तं सरळ तलाला जाईल," असं पोरांना सांगायची, आणि पोरं तिला त्या होडीची तांडेल, म्हणजे कप्तान, करून वल्हवायला लावायची.

पण जायचं ते हिरामणला चुकवून. आणि हिरामण कधी घरी असेल, हे घड्याळ सांगत नाही, खाडी सांगते. पुनव-अमावास्येच्या पुढंमागं उधाण असतं, पाण्याला ओढ असते, तेव्हा जाळी लावायला माणूस दिवस दिवस खाडीत. ते दिवस तिचे बागेचे. अष्टमीच्या आसपास भांग येतो, पाणी आळसावतं, जाळ्यात काही शिरत नाही, तेव्हा माणूस घरी जाळी सांधत बसतो. त्या दिवशी ती बागेकडे फिरकायची नाही. सुकी मासळी घेऊन थेट जुईनगर गाठायची आणि दिवेलागणीला परतायची. सेक्टरातल्या पोरांना हे गणित कळणार कसं? मावशी चार-पाच दिवस रोज येते आणि मग गायब होते, याचं त्यांना मोठं कोडं पडायचं.

अशी बरीच वर्षं गेली. पोरं मोठी झाली, नवी पोरं आली. हिरामण थकला आणि एका पावसाळ्यानंतर गेला. शेवटपर्यंत त्याला काही कळलं नाही, याचं तिला बरंही वाटलं आणि वाईटही. तो गेल्यावर ती उघडपणे बागेत जाऊ शकत होती, पण नेमकं तेव्हाच जाववेना. मग बागेला 'दुरुस्तीसाठी बंद' अशी पाटी लागली. दुरुस्ती करायला काही कुणी आलं नाही. एका ऑफिसात विचारलं तर ते दुसऱ्याचं नाव सांगे, दुसऱ्यात गेलं की पहिल्याचं. झोपाळ्यांच्या साखळ्या कुणीतरी काढून नेल्या. घसरगुंडीतून पिंपळ उगवला. बाग का बंद झाली ते आजतागायत कुणाला सांगता येत नाही, आणि आपल्याकडे असं काही पहिल्यांदा होतंय असंही नाही.

शनिवार येईस्तोवर सत्यभामेच्या डोक्याचा पार भुगा झाला. खळं म्हणावं तर बाग डोळ्यांपुढं येई, बाग म्हणावं तर सासूचा सैल झालेला चेहरा. नवऱ्याला काय आवडलं असतं ते तरी पक्कं ठाऊक होतं. त्याच्या बाजूनं बोलावं, मेलेल्या माणसाचा शब्द राखावा, असं तिनं शुक्रवारी ठरवलं. शनिवारी सकाळी चहा पिता पिता ते पुन्हा मोडलं.

बागेपाशी ही गर्दी. फाटक कधीच आडवं झालं होतं, त्यावरून माणसं आत गेली. एका अंगाला नंदिनी आणि सोसायटीच्या बायका. बाहेर रस्त्यावर कुंदन आणि गावची मंडळी, आणि फाटकाच्या खांबाला बांधलेला भला मोठा फ्लेक्स. 'आमचं खळं आम्हाला परत द्या', आणि त्यावर टोपी घातलेला हिरामण, माणसाएवढ्या चेहऱ्याचा.

मॅडम तरुण होती, बोलायला गोड. "आजी, तुम्ही सांगा. इथं आधी काय होतं?"

"खला व्हता."

"आणि मग?"

"मंग बाग."

"आता तुम्हाला इथं काय हवंय?"

सत्यभामेनं तोंड उघडलं आणि मिटलं. नंदिनीला वाटलं, मावशी बुजली. मदत करायला म्हणून ती पुढं झाली. "मावशी, सांगा ना बिनधास्त. तुम्ही यायच्या, आपण झोके घ्यायचो, तुम्ही ती होडी वल्हवायच्या..."

"कोन यायचा?" कुंदन रस्त्यावरून ओरडला. "माजी आये? ओ ताई, जरा सांबालून. आमच्या घरातला कुनी कंदी आत गेला नाय. बापानं आन घातली व्हती." आणि त्यानं फ्लेक्सवर हात आपटला.

नंदिनीनं तेव्हा कुठं फ्लेक्सकडे नीट पाहिलं. आणि पाहतच राहिली. "हे तुमचे वडील? मावशी, हे... हे तर इथं यायचे. आम्ही यांना गप्पवाले काका म्हणायचो. मला माहीतच नव्हतं की हे तुमचे मिस्टर."

सत्यभामेला वाटलं, पोरगी दुसऱ्याच कुणाबद्दल बोलतेय. "कवा यायचा?" तिनं विचारलं.

"तुम्ही नसायचात ना, त्या दिवशी. तुम्ही आलात की ते नाही, ते आले की तुम्ही नाही. होडीच्या कडेला बसायचे. चपला फाटकाबाहेर काढून यायचे, आम्ही हसायचो, बागेत कोण चपला काढतं म्हणून."

खळ्यावर कुणी चपला घालून जात नाही. खायची वस्तू वाळते तिथं. हे नंदिनीला ठाऊक असायचं कारण नव्हतं, आणि सत्यभामेनं ते कुणाला सांगितलं नाही. तिनं फक्त पुढं विचारलं, "बसून काय करायचा?"

"काहीच नाही. जमिनीवरून हात फिरवायचे. आणि मी झोका दे म्हटलं की उठून द्यायचे. खूप वेळ द्यायचे, कंटाळायचे नाहीत. कधी कधी हसायचे पण."

भांगाचे दिवस. ती जुईनगरला सुकट विकत बसलेली, आणि हा घरी जाळी सांधत बसलाय अशी तिची समजूत. म्हणजे आईची आठवण काढायला यायचा? की पोरांसाठी? का दोन्ही? आईसाठी यायचा तर मग झोका देताना हसायचा कशाला? एवढी वर्षं एका ताटात जेवली ती माणसं, आणि आता विचारायला तो नाही. तिला त्याचा राग आला, भर गर्दीत, त्या माणसाएवढ्या चेहऱ्याचा. एकदा बोलला असता, तर दोघं मिळून आली असती. मग तिला आठवलं की तीही बोलली नव्हती.

"आजी?" मॅडमनं पुन्हा विचारलं. "खळं की बाग?"

"मना नाय ठावं, बाय," सत्यभामा म्हणाली. "खरंच नाय ठावं."

लोकांत कुजबुज झाली. सोसायटीवाले गाववाल्यांकडे पाहू लागले. कुंदन काहीतरी बोलेल, भांडेल, म्हणून सगळे थांबले. पण तो भांडला नाही. त्याचा आवाज एकदम खाली आला होता.

"म्हंजे बापूस यायचा," तो म्हणाला. "तू पन यायचीस."

"हां रं."

"मंग मीच एकटा ऱ्हायलू?"

तेव्हा तिनं पाहिलं. ऐकता ऐकता गावची मंडळीही रस्त्यावरून आत सरकली होती, मॅडम आत, वाटेवरचे बघेसुद्धा आत. कुंदन तेवढा आडव्या फाटकाच्या पलीकडे, डांबरी रस्त्यावर उभा होता. ज्या जागेसाठी तो महिनाभर ऑफिसं पालथी घालत होता, त्या जागेवर त्यानं आजवर पाऊल टाकलं नव्हतं. चाळिशीचा बाप्या, कानापाशी केस पांढरे झालेले. मुलांची बाग होती ती, आणि घरातलं एकुलतं एक मूल तेवढं बाहेर राहिलं होतं.

"आत ये, बाला," ती म्हणाली.

तो आला नाही. साखळ्या नसलेल्या झोपाळ्याच्या खांबांकडे बघत राहिला. मग सगळ्यांदेखत, लहान पोरानं विचारावं तसं त्यानं विचारलं, "आये, झोका कितीसा वर जायचा गो?"

सत्यभामेनं दाखवायला हात वर केला. खांद्याच्या वर, मग डोक्याच्या वर, मग टाचा उचलून अजून वर. तो हात तसाच धरून ती रडू लागली.