छज्जूमलला मिळालेली माफी

मी छज्जूमल, आग्र्याचा अत्तरवाला. लोकांनी लालाजी म्हणावं म्हणून विकण्यापेक्षा जास्त अत्तर स्वतःलाच चोपडणारा. बादशहाने आम्हा हिंदूंवर पुन्हा जिझिया बसवला, तेव्हा गरिबांच्या दरात बसावं म्हणून मी नोकराचा फाटका अंगरखा चढवून वसुलीच्या अमिनापुढे उभा राहिलो. मेलं सोंग नको इतकं वठलं!

"हा तर कंगाल," अमीन म्हणाला. "कंगालांना माफी."

बातमी बाजारभर झाली आणि दुपारी होणाऱ्या व्याह्यांचा निरोप आला, "भिकाऱ्याची मुलगी आम्हाला नको."

दुसऱ्या दिवशी रेशमी जामा घालून मी अमिनाचे पाय धरले. "हुजूर, सगळ्यात वरचा दर लावा, पण माझ्याकडून जिझिया घ्याच!"

त्याने मला नीट न्याहाळलं आणि कारकुनाला सांगितलं, "लिही, वेडा. वेड्यांनाही माफी."