चार लाख अठ्ठ्याहत्तर हजार सहाशे एकसष्ट

"फुटतो, बाबा! हा आकडा फुटतो!"

"नाही फुटत. आठवडाभर डोकं फोडलंय मी."

"डोकं फोडलंत, आकडा कुठे फोडलात?"

"चिमे, जीभ आवर. पस्तीस वर्षं चाकांना दाते पाडतोय."

ते खरंच होतं. गल्ली त्यांना दातेमामाच म्हणायची. लोक यंत्रासाठी आकडा घेऊन यायचे: पहिलं चाक इतके फेरे फिरलं की शेवटचं एकदा फिरायला हवं. एवढे दाते एका चाकावर मावणार कुठे? मग मामा खडूने लेथच्या झाकणावर आकड्याचे तुकडे पाडायचे. गुणाकार करून पुन्हा तोच आकडा येईल असे. प्रत्येक तुकड्याचं एक चाक. चिमीची आई म्हणायची, "लग्नानंतर पहिल्यांदा फिरायला गेलो, तर हे आपले तिकिटांचे नंबर फोडत बसलेले!"

शाळेतल्या मास्तरांना धूमकेतू कधी परत येतो ते दाखवणारं यंत्र हवं होतं. पहिलं चाक तासाला एक फेरा, शेवटचं ४,७८,६६१ तासांनी एक. म्हणजे साडेचौपन्न वर्षांनी. मामांनी सहीनिशी चिठ्ठी दिली, 'ही मूळ संख्या आहे, कशानेच भाग जात नाही. जवळचा ४,७८,८०० घ्यावा.' मास्तरांनी मान डोलावली. सत्तर, शहात्तर आणि नव्वद दात्यांची चाकं आता तेलकागदात तयार होती. संध्याकाळी मास्तर न्यायला येणार होते.

आणि चिमीने दुपारी सहज भागून पाहिलं.

"त्र्याहत्तर गुणिले एकोणऐंशी गुणिले त्र्याऐंशी. करा."

मामांनी केलं. खडू थांबला.

"मी एकाहत्तरपर्यंत पाहिलं होतं."

"पुढे का नाही?"

त्यांची नजर भिंतीकडे गेली. दाते सारख्या अंतरावर पडावेत म्हणून वापरायच्या भोकांच्या तबकड्या खिळ्यांना टांगलेल्या होत्या. शेवटची एकाहत्तर भोकांची. शहात्तर किंवा नव्वद दाते निम्म्या भोकांच्या तबकडीवर पडायचे, पण मूळ संख्येला तिचीच तबकडी लागायची. चिमीला उमगलं. ज्यांची तबकडी आहे तेवढ्याच संख्यांनी बाबा भागत होते. इतकी वर्षं तेवढ्यावर निभावलं होतं.

"त्र्याहत्तरची तबकडीच नाही आपल्याकडे," मामा पुटपुटले.

"मग तसं लिहायचं! तबकडी नाही म्हणून आकडा मूळ होतो का?"

"अगं, धूमकेतू जेमतेम सहा दिवस उशिरा येईल. चौपन्न वर्षांनी कोण बसलंय मोजायला?"

"मी! अठ्ठ्याहत्तरची असेन, दात नसतील, पण मोजीन."

मामांना हसू आलं, पण टिकलं नाही. "तीन तबकड्यांची भोकं हाताने पाडायची. दोन महिने जातील."

"जाऊ देत. मास्तर ती चिठ्ठी काचेच्या पेटीत लावणार आहेत, बाबा. तुमच्या सहीची. पोरं वाचतील आणि खरं मानतील. मास्तरांना काय सांगणार?"

मामांनी चष्मा पुसला. तेलकागदातलं पुडकं उचललं, तळहातावर जरा वेळ तोललं आणि परत टेबलावर ठेवलं. चपला पायात सरकवल्या. रिकाम्या हातांनी ते मास्तरांच्या घराच्या वाटेला लागले.