वाघीण कोणत्या नाल्यात, दहापैकी किती?

२०१९ साल. मी अठ्ठावन्न वर्षांचा, सालेकसाकडच्या जंगलात वनमजूर. शाळा चौथीपर्यंत, पण वाघाच्या नोंदीचं रजिस्टर माझ्याच हातचं. मोहाची फुलं गळायचा हंगाम होता. पहाटेच बायका फुलं वेचायला जात, त्यात माझी बायकोही. आणि पिल्लांची वाघीण दोन नाल्यांपैकी एकात होती. पहाऱ्याला माणसं कमी, म्हणून एकच नाला बंद करता येणार होता.

वरच्या नाल्याच्या तीन नोंदी, तिन्ही माझ्या. खालच्याची एकच, गुराख्याच्या सांगण्यावरून.

"वरचाच बंद करा, साहेब," मी आमच्या वनाधिकाऱ्यांना म्हणालो.

वाघांचा अभ्यास करणाऱ्या नागपूरच्या मॅडम आल्या होत्या. त्यांनी आमचं रजिस्टर डेटाबेसमध्ये चढवलं होतं. म्हणजे कॉम्प्युटरातलं रजिस्टर. तिथे प्रत्येक नोंदीपुढे भरवसा लिहायचा, दहापैकी किती. मग मॉडेल, म्हणजे कॉम्प्युटरातला हिशेब, सगळ्या नोंदी त्या भरवशाप्रमाणे तोलून सांगतं, वाघीण कुठे असायची शक्यता जास्त.

"काका, ही पहिली. दहापैकी किती?"

"दहा. माझी नोंद आहे."

"ठसा ताजा होता?"

"मले कायले विचारता? मी काय पोट्टा आहो का?"

साहेब हसले. "तुमाले नाही हो, नोंदीले विचारून राहिल्या त्या."

मॅडम हसल्या नाहीत. "काकू कोणत्या नाल्यात जातात?"

"खालच्या," म्हणालो, आणि रजिस्टर पुन्हा जवळ ओढलं.

आमच्याकडे 'बहुतेक' कोणी लिहीत नसे. 'बहुतेक' लिहिलं की हा माणूस जंगलात गेलाच नाही, असं वाटतं. पहिला ठसा जुना होता, कडा ढासळलेल्या. दुसरा मी पाहिलाच नव्हता, ऐकून लिहिला होता. तिसरा नराचाही असेल.

"तीन. दोन. चार," मी खाली मान घालून म्हणालो. गुराख्याने मात्र पिल्लं पाणी पिताना डोळ्यांनी पाहिली होती. "त्याले आठ द्या."

मॉडेलने खालचा नाला सांगितला.

पहाटे मीच तिथे बायका अडवायला उभा.

"काऊन? काल त तुमीच म्हणत होते, वरचा बंद!" बायको टोपली कमरेवर घेऊन.

"चुकलो होतो. घरी चाल."

चाळीस वर्षांच्या संसारात हे तिने पहिल्यांदा ऐकलं. दुपारी नाल्याच्या रेतीत, मोहाच्या झाडाखालीच, मोठे ठसे निघाले. शेजारी लहान.

मॅडमनी मला एकदाही खोटा म्हटलं नाही. त्यांचे उपकार मी विसरत नाही. शंका लिहून ठेवली तर कामी येते, लपवली तर कोणाच्या तरी जिवावर येते.

दुसऱ्याच दिवशी सकाळी जुनी सगळी रजिस्टरं सायकलला बांधून ऑफिसात नेली, आणि कोणती नोंद डोळ्यांची, कोणती कानांची, ते मॅडमना एकेक करून सांगत बसलो.