पालकांच्या ग्रुपवर मी लिहिलेलं

माझ्या मुलीच्या वर्गातली एक मुलगी भाट्याच्या किनाऱ्यावरून हरवली. संध्याकाळी आईबरोबर फिरायला गेली होती आणि बघता बघता दिसेनाशी झाली. पालकांच्या ग्रुपवर आधी तिचा फोटो फिरला, मग तर्क सुरू झाले. कुणी एका पांढऱ्या गाडीबद्दल लिहिलं, कुणी मस्कतला नोकरी करणाऱ्या तिच्या वडिलांबद्दल. आई म्हणे तेव्हा फोनवर बोलत होती. ते वाचून मीही लिहिलं, "एवढ्याशा पोरीला सोडून फोनवर बोलवतं तरी कसं?" त्यावर पटापट अंगठे आले. मला बरं वाटलं, हे कबूल करायला हवं.

तिसऱ्या दिवशी सकाळी मच्छीमारांना तिचा मृतदेह खाडीच्या तोंडाशी सापडला. ग्रुपवर हात जोडलेली चित्रं येऊ लागली. मी घाईघाईने माझा मेसेज डिलीट करायला गेले, तेव्हा तो कुणी कुणी वाचलाय ती यादी समोर आली. त्यात तिच्या आईचंही नाव होतं. ती याच ग्रुपमध्ये आहे, हे आमच्यापैकी कुणाच्या ध्यानातच आलं नव्हतं.

आठवड्याने मी तिच्या घरी गेले. माफी मागायला तोंड उघडलं, तर तीच म्हणाली, "ताई, तुम्ही लिहिलंत ते बरोबरच होतं. तिच्या बाबांचा फोन होता. तिलाच द्यावा म्हणून मी वळले, तर ती नव्हती."

मी तिचा हात धरला. तिने तो सोडवून घेतला नाही, पण माझ्याकडे पाहिलंही नाही.