न्हाणआपाचा संप

तोंडावर सगळे तिला आपा म्हणत आणि तिची पाठ वळली की न्हाणआपा. मुसलमानांच्या त्या वस्तीत कोणी बाई गेली की तिला शेवटची आंघोळ घालायची, म्हणजे गुसल द्यायचा, आणि कफनात गुंडाळून नातेवाइकांच्या ताब्यात द्यायची, हे काम आपाचं. पोटासाठी ती इस्पितळाच्या धुलाईखात्यात चादरींना इस्त्री करायची. हे दुसरं काम निव्वळ पुण्याचं, सवाबाचं. म्हणूनच की काय, एकोणीस वर्षांत त्यात वाटा मागायला एकही बाई पुढे आली नव्हती.

आपा उंचीला बेताची, पण मनगटं पैलवानाची आणि जीभ कात्रीसारखी. घरातली खरी कात्री नवऱ्याच्या हातात होती, कारण तो शिंपी. माणूस इतका गरीब की सुईत दोरा ओवतानासुद्धा तो कोणाची तरी परवानगी मागतोय असं वाटे.

लोकांचं आपाशी वागणं म्हणजे किळस यावी असा तमाशा होता. लग्नघरी ती बायकांच्या ओळीत येऊन बसली की तिच्या दोन्ही बाजूंना एकेका माणसाची जागा आपोआप मोकळी होई. तिने कोणाच्या तान्ह्या बाळाला चुटकी वाजवून हसवायला घेतलं की त्याच्या आईला नेमकं तेव्हाच दूध पाजायचं आठवे. तिने सरबताचा पेला पुढे केला की "आत्ताच पाणी प्यायले हो!" आणि त्याच घरात कोणी शेवटच्या घटका मोजू लागलं की पहिला फोन आपाला, दुसरा डॉक्टरला.

इतक्या घरांतल्या बायका तिच्या हाताखालून गेल्या. कोणाच्या पाठीवर कसले वण होते, कोण साठीतही कोणाला कळू न देता केस रंगवत होती, कोणाच्या दंडावर कोणासाठीचा ताईत होता, सगळं तिला ठाऊक. पण मय्यतीच्या अंगावर दिसलं ते मय्यतीबरोबर पुरायचं, हा त्या कामाचा पहिला नियम, आणि आपाचे ओठ शिवलेले. एवढा ऐवज असा वाया गेलेला पाहून कोणाही भल्या माणसाचा जीव हळहळेल, पण इलाज नव्हता.

वस्तीत तेव्हा मशीद नव्हती. शुक्रवारची नमाज टायरच्या दुकानावरच्या भाड्याच्या हॉलमध्ये होई आणि गुसल जागा मिळेल तिथे. कधी तिसऱ्या मजल्यावरच्या न्हाणीघरात, जिथे मय्यत सरळ मावत नसे. कधी कोणाच्या मागच्या अंगणात चार चादरी बांधून. आणि अलीकडे गाड्या दुरुस्त करणाऱ्या मिस्त्रीच्या गॅरेजमध्ये, कारण त्याला निदान नळ होता.

आपाच्या डोक्यात सणक गेली ती त्या गॅरेजमध्ये. मुलींच्या शाळेतल्या गणिताच्या बाई वारल्या होत्या. आयुष्यभर पायमोज्यांशिवाय घराबाहेर न पडलेली बाई. शेवटच्या आजारात तिने आपाचा हात धरून एवढंच मागितलं होतं, "मला नीट झाका हं." आणि गॅरेजचं शटर जमिनीपासून वीतभर वरच अडकलं. आपा चादरीखालून हात घालून धुतेय आणि शटरखालच्या फटीतून बाहेरच्या पुरुषांचे बूट दिसताहेत. कोणा गिऱ्हाइकाने बाहेरून शटरवर थाप मारून विचारलं, "माझी गाडी आज मिळणार का?" वर टांगलेल्या गाडीतून काळ्या तेलाचा थेंब पांढऱ्या चादरीवर पडला. चादर बदलून आपाने पुन्हा पहिल्यापासून सुरुवात केली. साबणाचं पाणी फटीतून रस्त्यावर गेलं तेव्हा बाहेर एकच धावपळ, "पाणी आलं, पाणी आलं!" त्यातला सगळ्यात मोठा आवाज पुढे मशीद कमिटीचा अध्यक्ष झालेल्या गालिचेवाल्याचा होता. विजारीचे पाय गुडघ्यापर्यंत वर धरून तो चवड्यांवर उड्या मारत होता.

घरी येऊन आपाने हात तीनदा धुतले. नवऱ्याने विचारलं, "काय झालं?"

"मेलेल्याची नाही आली मला कधी," ती म्हणाली, "जित्यांची आली आज किळस." आणि तिने ठरवलं की या कामाला चार भिंती, एक दार आणि कडी असलेली खोली मिळवायचीच.

मशिदीसाठी जागा मिळालीही. बंद पडलेल्या बर्फाच्या कारखान्याची जमीन सगळ्यांनी मिळून घेतली, अकरा जणांची मशीद कमिटी बसली आणि पहिल्या नकाशात मागच्या कोपऱ्यात छोटीशी खोली आली. तिच्यावर लिहिलं होतं, गुसलखाना. आपाने तो नकाशा बोट फिरवून फिरवून पाहिला. मग बैठका सुरू झाल्या. बायकांना बैठकीला बोलावणं नव्हतं, म्हणून आपाचा वकील तिचा नवरा.

"खोलीचं विचारलंत?"

"विचारणारच होतो. पण घुमटाचं चाललं होतं. गोल की निमुळता."

"गेल्या वेळीही घुमटच होता ना?"

"गेल्या वेळी घुमटाचा रंग होता."

सात बैठका घुमटावर गेल्या. अध्यक्ष गालिच्यांचा व्यापारी, अंगाला अत्तर इतकं की तो येण्याआधी त्याचा वास खुर्चीवर बसलेला असे. त्याला सहा हंड्यांचं झुंबर हवं होतं. चिटणीस चष्म्यांचा दुकानदार, त्याला कमिटीसाठी काचेची केबिन हवी होती. दुसऱ्या नकाशात गुसलखान्याची खोली अर्धी झाली. तिसऱ्यात तिच्यावर लिहिलं होतं, "चपला व इतर."

"इतर म्हणजे आपण," नवरा समजूत काढायला गेला.

"इतर म्हणजे मी," आपा म्हणाली. "चपलांनंतर."

नगरपालिकेत मशिदीच्या परवानगीची सुनावणी ठरली त्या दिवशी आपाने अर्ध्या दिवसाची रजा टाकली आणि नवऱ्याला घेऊन मागच्या रांगेत जाऊन बसली. प्लॅस्टिकच्या खुर्च्या, भिंतीवर गळतीचे डाग, टेबलामागे सर्दीने बेजार झालेली इंजिनिअर बाई. पुढे कमिटीचे अकरा जण कडक इस्त्रीत. दुसऱ्या बाजूला आसपासचे रहिवासी.

गाड्या कुठे लावणार, भोंगा किती वाजणार, सगळ्याला अध्यक्षाने गोड गोड उत्तरं दिली. मग शेजारच्या गल्लीतले एक पेन्शनर उठले. हातात कागद.

"इथे म्हणे प्रेतं धुणार. ते पाणी आमच्या गल्लीत यायचं. ते कसं चालेल?"

अध्यक्षाने दोन्ही कानांना हात लावले. "तोबा, तोबा! साहेब, कोणी सांगितलं तुम्हाला? असली घाण आम्ही नाही करत. नमाज पढायची, घरी जायचं, बस." आणि तो चिटणिसाच्या कानाशी लागला. चिटणिसाने खिशातलं लाल पेन काढून नकाशावरच्या "चपला व इतर" मधलं "व इतर" खोडून टाकलं.

मागच्या रांगेत आपाच्या नवऱ्याने बायकोकडे पाहिलं आणि हळूच आपली खुर्ची दोन बोटं लांब सरकवली.

इंजिनिअर बाईने नाक पुसलं. "म्हणजे तुमच्यात माणसं मरत नाहीत का?"

"मरतात, मॅडम," अध्यक्ष गडबडला. "पण बाहेरच्या बाहेर."

हशा पिकला. आपा उठली.

"मॅडम, ती घाण मी करते. एकोणीस वर्षं झाली."

कमिटीचे अकरा जण आपापल्या गुडघ्यांकडे बघू लागले.

"घाण म्हणजे काय ते सांगते. अंगावर चादर असते, आम्हीसुद्धा उघडं बघत नाही. कोमट पाणी, साबण, उजवी बाजू आधी, तीन वेळा. शेवटच्या पाण्यात कापूर. केसांच्या तीन वेण्या घालायच्या. एवढंच." मग ती पेन्शनरांकडे वळली. "बाबा, तुमचं म्हणणं खरं आहे. आज ते पाणी रस्त्यावरच जातं, कारण आम्हाला खोली नाही. खोली झाली की बंद पाइपातून जाईल."

पेन्शनरांनी कागदाची घडी घातली. "बंद पाइपातून जाणार असेल तर माझी हरकत नाही," ते तुटकपणे म्हणाले. "उघड्यावर नको." आणि बसले.

"नियमात बसतं," इंजिनिअर बाई म्हणाली. "उताराची फरशी, चार इंची पाइप, एक खिडकी. पण अर्जदारांनी खोली आत्ता खोडलीय. ती हवी की नको, आत्ता सांगा आणि सही करा. मंजुरीनंतर बदल हवा असेल तर सगळा अर्ज नव्याने."

हरकत घेणाऱ्याचीच हरकत मिटली होती. आता खोलीच्या आड कोणी उरलं असेल तर ते आपलेच. अध्यक्ष घसा खाकरून म्हणाला, "पुढच्या बैठकीत विचार करू. तूर्त राहू दे खोडलेली."

"राहू दे," आपा म्हणाली. "मग आजपासून माझे हातही राहू देत."

"म्हणजे?"

"म्हणजे मी कोणाला धुणार नाही. मॅडम, आमच्यात असं आहे, मय्यतीला गुसल देणं हा सगळ्या वस्तीवरचा फर्ज. एकाने केला की बाकीचे सुटले. कोणीच नाही केला तर सगळे गुन्हेगार. एकोणीस वर्षं हे सगळे माझ्या हातांनी सुटत आलेत आणि त्याच हातातला पेला घेत नाहीत. आजपासून मी तुमच्या खात्यातून बाहेर. अध्यक्षसाहेब, तुमच्याकडून कोण येणार?"

"माझ्याकडून?"

"अम्मीजान ब्याण्णवच्या ना? अल्ला त्यांना आणखी आयुष्य देवो. सासूबाईही तुमच्याकडेच असतात. चिटणीससाहेब, तुमच्या थोरल्या बहीणबाई गेल्या महिन्यापासून अंथरुणाला खिळल्यात. खजिनदारसाहेब, तुमच्याकडे तर अब्बांच्या बहिणी, दोन फुफ्या."

अकरा माणसं मनातल्या मनात आपापल्या घरातल्या म्हाताऱ्या मोजत असल्याचं स्पष्ट दिसत होतं. कोणाचे ओठ हलत होते, कोणाची बोटं. चष्मेवाल्याने चष्मा काढून पुसला आणि पुन्हा न लावताच हातात धरला, जणू पुढचं काही दिसायलाच नको. माना झुकलेल्या, पोटं सुटलेली, अत्तराचा घमघमाट. आईला हात लावायचा विचारसुद्धा न सोसणारे हे लोक घुमटाला मात्र सात बैठका देऊ शकत होते.

तेवढ्यात आक्रीत घडलं. शिंपी उभा राहिला.

"मी... मीही कफन कापणार नाही."

एवढं बोलून तो बसला आणि आपण काय बोललो ते आठवून त्याला घाम फुटला. आपाने त्याच्याकडे असं पाहिलं, जणू हा माणूस कोण, तिला आजच कळतंय.

अध्यक्ष मागे वाकून दबक्या आवाजात म्हणाला, "आपा, घरातली गोष्ट चारचौघांत कशाला?"

"घाण चारचौघांतच म्हणालात ना? मग आता सहीही चारचौघांत."

अध्यक्षाने चिटणिसाकडे पाहिलं. चिटणिसाने लाल पेन खिशात टाकून निळं काढलं. एरंडेल प्यायल्यासारखा चेहरा करून गालिचेवाल्याने नकाशावर पुन्हा "गुसलखाना" लिहिलं आणि सही ठोकली.

"मापं कोण सांगेल?" इंजिनिअर बाईने विचारलं. कमिटीत दोन ठेकेदार होते, दोघांनीही एकमेकांकडे बोट दाखवलं.

"टेबल माझ्या कंबरेइतकं," आपा पुढे होत म्हणाली, "पायाकडे उतरतं. नळ उजव्या हाताला, लांब नळीचा. दार एवढं रुंद की उचलणाऱ्या चौघांना तिरकं व्हावं लागू नये. आणि कडी आतून." इंजिनिअर बाई शिंकत शिंकत सगळं लिहून घेत होती.

जिन्यावर अध्यक्षाने गाठलंच. चेहऱ्यावर दुकानातलं हसू. "झालं ना मनासारखं? मिटला संप?"

"खोली झाली. तुमचं नाक मुरडणं कुठे मिटलं?" आपा म्हणाली. "रविवारी दुपारी गॅरेजमध्ये शिकवणी आहे. कमिटीच्या प्रत्येक घरातून एक बाई. नाही आली, तर त्या घरापुरता माझा हात बंद."

"बायकोला विचारतो."

"विचारू नका. पाठवा."

रविवारी अकरा घरांतून नऊ बायका आल्या. दोघींची डोकी दुखत होती. नवऱ्यांपेक्षा बायका बऱ्या असतील अशी कोणाची समजूत असेल तर ती सोडून द्यावी. प्रत्येकीच्या नाकाला अत्तराचा रुमाल, दोघींच्या हातात कोपरापर्यंत रबरी मोजे, आणि सगळ्या दाराशी अशा खेटून उभ्या की आग लागली तर पहिल्या बाहेर पडता यावं. आपाने मिस्त्रीचं कामाचं टेबल घासून ठेवलं होतं, वर स्वच्छ चादर, शेजारी बादली, मग आणि कापसाचा गोळा.

"मय्यत म्हणून कोण झोपणार?"

कोणीच हलेना. शेवटी अध्यक्षाची बायको, चांगली दणकट बाई, "मी झोपते, उभं राहून पाय दुखले" म्हणत टेबलावर चढली. टेबल करकरलं. आपाने तिला चादर घातली. दुसऱ्या घरातून आलेल्या तिच्या जावेने वरून वाकून बघत रुमाल नाकावर आणखी घट्ट दाबला, तशी चादरीखालून आवाज आला, "अगं ए, जिवंत आहे मी अजून! बाजूला हो."

हसण्याची खसखस पिकली, पण पुढे आली एकही नाही. आपाने एकटीनेच सगळं करून दाखवलं. मान कशी उचलायची, पोट हलक्या हाताने कसं दाबायचं, चादर न सरकवता कुशीवर कसं वळवायचं. मग अध्यक्षीणबाईंना उतरवलं.

"आता तुम्ही. मी झोपते."

ती टेबलावर आडवी झाली आणि तिने डोळे मिटले. बराच वेळ नुसत्या कुजबुजी. मग खांद्याला काहीतरी टोचलं. दोन बोटं. मेलेली पाल चिमटीने उचलून टाकावी तशी. आपाने डोळे न उघडता ती झटकली.

"अख्खा हात लावा. पंजा टेकवा, पंजा. बोटांनी माणूस वळत नाही."

पुन्हा कुजबूज. कोणी म्हणालं पाणी तापवून आणते, कोणी म्हणालं मीही येते मदतीला, एक म्हणाली घरी दूध उघडं राहिलंय. पावलं दाराकडे गेली. एकेक करून सहा. मग गॅरेजमध्ये नुसता नळ ठिबकत राहिला.

आपाच्या खांद्यावर एक जड, घामेजलेला तळवा येऊन टेकला. जरा वेळाने पायावर दुसरा. तिसरी बाई मगात पाणी घेऊन उभी होती आणि निम्मं पाणी जमिनीवर सांडत होतं.

"किती जणी उरलात?" आपाने विचारलं.

"तिघी," अध्यक्षाची बायको म्हणाली.

"पुरे. एक वळवायला, एक धुवायला, एक ओतायला. चला, उजवीकडून."