पाय लागला म्हणून

राजेश्वरीने पिशवीत नारळ घातला, वर उदबत्तीचा पुडा ठेवला आणि नवऱ्याला म्हणाली, "आज मी येते तुमच्या गाडीला. भैरोबाला नारळ द्यायचा राहिलाय."

रविराज खाकी शर्टाची बटणं लावत होता. "यात्रेची गर्दी असंल. उभ्यानं यावं लागंल."

"येईन उभ्यानं."

नारळ निमित्ताला होता. पिंपळदऱ्याच्या यात्रेला त्याला एकट्याला धाडायचं तिच्या जिवावर आलं होतं, आणि ते त्यालाही कळत होतं.

रविराज आता राहुरीहून सुटणाऱ्या एसटीचा कंडक्टर. पण एके काळी पाथर्डीकडचा नावाजलेला कबड्डीचा गडी. चढाईला गेला की रिकाम्या हातानं परत येत नसे. यात्रेतल्या कबड्डीची ढाल दरसाल शेजारचं गाव घेऊन जातं म्हणून पिंपळदऱ्याच्या आप्पासाहेबांनी त्याला आपल्या संघात आणला. वेशीत त्याचा घराएवढा फ्लेक्स लावला, हलग्या लावून मिरवला. अंतिम सामना बरोबरीत आला आणि शेवटची चढाई रविराजची. समोर, ऐनवेळी जखमी गड्याच्या जागी उतरलेले, कोंडीराम गुरुजी. त्यांनीच शाळेच्या मैदानावर त्याला कबड्डी शिकवलेली. रविराजचा पाय त्यांच्या छातीला लागला. गुण मिळाल्यात जमा होता. पण मोठ्या माणसाला पाय लागला की आपल्याकडे लहानपणापासून जे होतं तेच झालं. हात जोडले गेले नि तोंडातून निघालं, "माफ करा, गुरुजी." कबड्डीचा दम तिथंच तुटला. शिट्टी वाजली, गडी बाद, ढाल शेजारच्या गावाला.

हलग्यांच्या गलक्यात ते शब्द कुणाच्या कानावर गेले नाहीत. गावानं पाहिलं ते एवढंच, की मोठ्या नावानं आणलेला गडी भर मैदानात हात जोडून उभा. तेव्हापासून पिंपळदऱ्यात त्याचं नाव पडलं हातजोड्या. आप्पासाहेबांनी त्याच दिवशी भैरोबाच्या पायरीशी चपला काढल्या, ढाल गावात येईपर्यंत पायात काही घालायचं नाही असं बोलले, आणि आजवर अनवाणीच हिंडत होते.

"एकदा सांगून तरी टाका," राजेश्वरी कितीदा म्हणाली होती.

"काय सांगू? गुरुजींच्या पाया पडलो म्हणून तुमची ढाल गेली? अजून हसतील. शिवाय बोल लागंल तो गुरुजींना."

दिवाळीनंतर त्याला नेमकी याच गावाची ड्युटी लागली.

गाडी राहुरीतून निघाली तशी रोजचंच सुरू झालं. रविराज तिकिटं फाडत मागं जाऊ लागला की मागच्या बाकावरून हळूच आवाज यायचा, "कबड्डी कबड्डी कबड्डी…" आणि तो जवळ पोचला की एकदम, "हुश्श." सगळी गाडी हसायची. तो तिकीट द्यायचा, सुटे परत द्यायचा, मान वर करायचा नाही.

राजेश्वरीला शेजारच्या म्हातारीनं, बनुबाईनं, सरकून जागा दिली. "तू कुनाची गं?"

"राहुरीची," ती कशीबशी म्हणाली. नवऱ्याचं नाव घ्यायची छाती झाली नाही.

"ह्यो कंडक्टर बघितला का? आमची ढाल यानंच घालवली. आज पोरं याला उतरवनार हायेत खाली."

"कशाला?"

"पकड करनार म्हनं. तंगडं जाग्यावर ठिवत न्हाईत." म्हातारीनं तंबाखू मळता मळता हे असं सांगितलं, जसं कुणी भाजीचा भाव सांगावा.

राजेश्वरी गर्दीतून वाट काढत नवऱ्यापाशी गेली. "अलीकडंच फिरवायला सांगा गाडी. तुमच्या पाया पडते."

"आणि एवढी माणसं कुठं उतरवू?" तो म्हणाला.

गावाच्या वळणावर कांद्याची आरण, रचून ठेवलेला ढीग, लागली. तिच्यावर जुना फ्लेक्स पांघरलेला होता. उन्हानं विटलेला, तरी चेहरा ओळखू येत होता. रविराजच हसत होता, फक्त डोळ्यांच्या जागी भोकं होती. राजेश्वरीनं तोंड फिरवलं आणि मनात भैरोबाचा धावा सुरू केला.

देवळापुढं माणसं आडवी उभी होती. गाडी थांबली. आप्पासाहेब पुढं झाले. चैत्राचं ऊन, डांबर तापलेलं, आणि त्यांच्या उघड्या टाचांना बोट जाईल अशा भेगा.

"खाली ये, रविराज. तुझी एक चढाई राहिलीय गावाकडं."

"ड्युटीवर हाय, आप्पा."

"तवा बी ड्युटीवरच हुतास."

कुणीतरी देवळापुढच्या मातीत गुलालाची रेघ ओढली. पलीकडं गडी साखळी धरून उभे राहिले, मधोमध आप्पासाहेब. रविराजनं तिकिटाचं मशीन नि पैशाची बॅग बायकोच्या हातात दिली, बूट काढले, पँट दुमडली. "मागं थांब," म्हणाला. तिनं सगळं नारळासकट छातीशी कवटाळलं. डोळे मिटायचीही भीती वाटत होती.

"कबड्डी कबड्डी कबड्डी…"

तो रेघ ओलांडून गेला. तीही त्याच लयीत, न थांबता, देवाचं नाव घेत राहिली. साखळी दोन्ही अंगांनी वळू लागली. तो वाकला, पाय लांबवला, आणि अंगठा आप्पासाहेबांच्या उघड्या पावलाला लागला.

त्याचा हात छातीकडं निघाला. तिनं पाहिलं. आता बोलू नका, बाबा, आता नका.

हात छातीशी गेला, पण तोंड थांबलं नाही. तेवढ्यात दोघांनी घोटा धरला. तो पालथा पडला, मातीत ओढला गेला, तरी पुटपुटत राहिला आणि त्याची बोटं गुलालात रुतली. रेघेला हात लागला.

घोटा सुटला. रविराज उठला, लंगडत परत गेला आणि आप्पासाहेबांच्या पायावर डोकं ठेवलं. "पाय लागला, आप्पा. माफ करा."

आप्पासाहेब त्याच्याकडं बघत राहिले. "त्या दिवशी बी… हेच म्हनला हुतास?"

"समोर गुरुजी हुते माझे."

"कोंडीराम मास्तर?"

"व्हय."

आप्पासाहेबांनी कपाळाचा घाम पुसला. "आधी रेघ वलांडायची असती रं, येड्या. मंग पाया पडायचं."

माणसं बाजूला झाली. आप्पासाहेब तसेच अनवाणी देवळाकडं गेले. ढाल अजून यायची होती.

राजेश्वरीनं नारळ दिला. फोडताना तो तीनदा आपटावा लागला. परतीच्या गाडीत रविराज तिकिटं देत मागं निघाला, आणि मागच्या बाकावरून पुन्हा हळूच सुरू झालं, "कबड्डी कबड्डी कबड्डी…"

तिनं समोरच्या बाकाचा दांडा घट्ट धरला नि त्या "हुश्श"ची वाट बघत बसली. नवरा मागच्या बाकापर्यंत पोचला होता. आवाज चालूच होता.